गळ येईपर्यंत चारा

देवानंदभाऊ,

दिवाळीत तूच बाबाले सांगितलं, कॅन्सरच्या पेशीले व्हिटॅमिनची लय हाव असते, म्हणून तुम्ही लॅबमधी त्याच्यात धातूचं औषध लपवता. जन्मभर तलावात मासोळ्या धरणारे बाबा हसले. "म्हंजे तू गळाले गांडूळच लावून राहिला!"

तू मान डोलावली. ते औषध अजून उंदरायवरच आहे, हे काहून नाही सांगितलं?

बाबा नागपूरची किमो सोडून व्हिटॅमिनच्या गोळ्या खात बसले. म्हणत, "पोराचा गळ येईपर्यंत चारा टाकतो, मासोळी सोकावते."

गाठच सोकावली. होळीआधी बाबा गेले.

तेरवीत माय लोकायले सांगे, "पोराचं औषध येतच होतं." तू तेव्हाही मान डोलावली.

हे पत्र पाठवत नाही. याच्यावरही तू मानच डोलावशील.

रंजू