भुईचक्राची उडी

प्रिय जयंती,

तुझ्या दिवाळीच्या मेसेजला मी दर वर्षी नुसते जोडलेले हात पाठवतो आणि आज एकदम पत्र, तेही टपालाने, म्हणून दचकू नकोस. आम्ही मुलुंडला सगळे बरे आहोत. मी अजून भांडुपच्या बँकेतच आहे, निहार बारावीला गेला, माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, एवढंच.

बातमी म्हणजे आपली ‘वज्रकेतू’ मालिका परत आलीय. कुणीतरी जुन्या टेप साफ करून सव्वीसच्या सव्वीस भाग मोबाइलवर टाकलेत. गेल्या महिन्यात निहारने जेवताना एक भाग लावला. वज्रकेतू झालेल्या चंद्रप्रकाशकाकांचं पोट पट्ट्यावरून बाहेर आलेलं, मुखवटा सारखा नाकावर घसरतोय, आणि डॉक्टर भस्माचा तो सायकलच्या ट्यूबांचा ऑक्टोपस, ज्याचे दोन पाय कायम पंक्चर. निहार हसून हसून बेजार. मग काका ओरडले, “भुईचक्र, फिर!” आणि पिवळ्या केपमधला भुईचक्र कठड्यावरून दोन कोलांट्या घेत खाली आला. निहारचा घास हातातच राहिला. म्हणाला, “बाबा, हे तुम्ही?” मी म्हटलं, “जेव आधी.”

तुला आठवतं ना, बाळकाकांनी तुला पहिल्यांदा भटवाडीच्या व्यायामशाळेत दोरीच्या मल्लखांबावर पाहिलं होतं? मालिकेचा दिग्दर्शक माणूस, पण तिथे शाळकरी पोरासारखा आ वासून बघत राहिला म्हणे. आपण दोघं अकरा वर्षांचे, उंची सारखी. तुझे केस माझ्यासारखे कापले तेव्हा तुझी आई रडली होती. तोंड माझं आणि अंग तुझं, असा आपला भुईचक्र. चंद्रप्रकाशकाकांना स्टुलावर उभं राहिलं तरी चक्कर यायची, मला पाण्याच्या टाकीवर चढायची भीती वाटायची, आणि तू दोघांकडे बघून “काय रे तुम्ही सुपरहिरो” म्हणायचीस. मरोळच्या त्या शूटिंगच्या शेडमध्ये दुपारी तुझ्या डब्यातले घावणे मी संपवायचो आणि माझी खिचडी तू. मला आजही तसे घावणे कुठे मिळालेले नाहीत.

एकोणिसाव्या भागाचं आपण कधीच बोललो नाही. निहारने तो लावला तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. अर्धवट बांधलेल्या इमारतीचा पहिला मजला, खाली गाद्या, आणि तू हातावर पडलीस ती गादीच्या कडेला. पडद्यावर ते दिसत नाही, तिथे कापलंय. पुढच्या शॉटला मी केप झटकत उभा राहतो. तुला टॅक्सीत घालून नेलं आणि तासाभराने पेपरचा फोटोग्राफर आला. त्याने त्याच कठड्यापाशी माझा फोटो काढला, मागून दोघांनी मला धरलं होतं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, अकरा वर्षांचा नंदकिशोर साऱ्या उड्या स्वतः मारतो. आईने कात्रण फ्रेम करून लावलं. तुझा डावा कोपर मात्र पुन्हा सरळ झाला नाही. त्या वर्षी राज्य स्पर्धेला तुझी निवड झालेली होती, आणि ती स्पर्धा तू बाकावर बसून पाहिलीस.

ते छापलेलं वाक्य मी पुढे वापरत राहिलो. शाळेच्या गॅदरिंगला वापरलं, बँकेच्या मुलाखतीत वापरलं, अनुपमाला बघायला गेलो तेव्हाही. ती अजून पाहुण्यांना कौतुकाने सांगते. म्हणजे सांगायची. एकोणिसावा भाग लावला त्या रात्री जेवण झाल्यावर मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की त्या उड्या घाटकोपरच्या जयंती परबच्या. अनुपमा उठून भांडी आवरायला लागली. निहारने विचारलं, “मग तिचं नाव का नाहीये कुठे?” ते भाग टाकणाऱ्या चॅनलला मी कळवलं. गेल्या शुक्रवारपासून प्रत्येक भागाखाली ‘भुईचक्राच्या कसरती: जयंती परब’ असं येतं. बघून घे. माझ्या मनात आलं, चला, झालं एकदाचं. चार दिवस मी अगदी मजेत होतो.

मंगळवारी तुझ्या गार्गीचा फोन आला. बोरिवलीला तुझं मल्लखांब केंद्र सुरू होतंय, आणि नारळ मी फोडायचा. मी म्हटलं, “अगं, मी कशाला?” तर म्हणाली, “काका, आई सांगते ना, तेव्हा तिच्यासाठी फक्त तुम्ही बोलला होतात.” जयंती, मी बोललो नव्हतो. त्या दिवशी ऑक्टोपसच्या मागे तू मला सुजलेलं मनगट दाखवलंस आणि म्हणालीस, “नंद्या, बाळकाकांना सांग ना, आज उडी नको. माझं नाय ऐकणार ते, तुझं ऐकतील.” मी गेलो. त्यांच्यासमोर उभा राहिलो. “काय रे?” त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, “फोटोवाले किती वाजता येणार?” उडी रद्द झाली असती तर फोटोही राहिला असता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परत येऊन तुला सांगितलं, “बोललो मी, पण नाही म्हणाले.” हॉस्पिटलमध्ये तू प्लास्टरमधला हात घेऊन मलाच समजावलंस, “तू तरी बोललास ना.” मी मान हलवली. छत्तीस वर्षं ती मान तशीच हललेली आहे. बाळकाकांनी ऐकलं असतं गं, तो माणूस तसा नव्हता. तू त्यांचा फोन कधी घेतला नाहीस, ते गेले तेव्हाही आली नाहीस, आणि तो सगळा राग माझ्या वाट्याचा होता. गार्गीला मी अजून हो म्हटलेलं नाही. मी यायचं की नाही, ते हे वाचून तू ठरव. शेवटच्या आजारपणात मी बाळकाकांना भेटायला गेलो होतो. त्यांनी माझा हात धरून विचारलं, “नंद्या, जयंती माझ्याशी का बोलत नाही रे?” मी त्यांनाही सांगितलं, “काय माहीत, काका.”

तुझाच,
नंदू