आईसाठी मागितलेली प्रार्थना

तिसगाव, ऑगस्ट १९४०

प्रिय पाद्रीसाहेब, सलाम.

नगरच्या छावणीत तुमच्यासारख्या जर्मन कैद्यांची पत्रं उघडून वाचतात, म्हणून मी तुम्हाला लिहीत नाही, असं मी मंडळीला सांगतो. खरं कारण वेगळं आहे.

आपली लूथरन मंडळी टिकून आहे. रविवारी उपासना होते, बुधवारी बायकांची प्रार्थना. दर बुधवारी म्हातारी लंकाबाई म्हणते, "मास्तर, सायबासाटी तुमीच मागा. तुमचा त्यांच्यावर लई जीव हाय." मग मी तुमच्या सुटकेसाठी प्रार्थना करतो.

मे महिन्यात फौजदार शाळेत आले होते. "तुमचा पाद्री जर्मनीसाठी प्रार्थना करतो का?" त्यांनी विचारलं. तुम्ही तिकडे एकट्या राहिलेल्या तुमच्या आईसाठी मागत होता, एवढंच मला सांगायचं होतं. पण नोकरी जाईल या भीतीने मी "हो" म्हणालो. आठ दिवसांनी तुम्हाला नेलं. जाताना उपासनेचं पुस्तक तुम्ही माझ्याच हाती दिलंत.

काल राहात्याहून आलेल्या पाद्रींनी प्रभुभोजन दिलं. पापांची कबुली देणारा पापांगीकार म्हणून झाल्यावर सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे गेले. मी सतरंजीवरून उठलो नाही.

लंकाबाई जवळ आली. "मास्तर, बरं न्हाई का?"

"ताप आहे," मी म्हणालो.

तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. तरी तिने हात काढला नाही.

आपल्या शाळेचा मास्तर,
दानिएल भिंगारदिवे