वन्संना ताप आला तेव्हा

वन्सं,
नमस्कार.

तुमची किडनी ह्यांना बसवून वर्ष झालं. माझी जुळली नाही, त्याला मी काय करणार? डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. तुम्ही मात्र “माझी घ्या” म्हणून मोकळ्या झालात. तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

पण डायलिसिसच्या खुर्चीशेजारी इतकी वर्षं मी बसले, आणि आता लांब पल्ल्याच्या चालण्याचा सराव हे करतात तुमच्याबरोबर! रोज सकाळी भाऊ-बहीण हसत निघता. शेजारीण म्हणते, “बहीण असावी तर अशी.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

काल तुम्हाला ताप आला, म्हणून बूट मी चढवले. पुलापर्यंतच मला धाप लागली. हे लगेच बाकावर टेकले.

“बरं झालं थांबलीस. मीही दमलोय.”

“मग वन्संना का नाही सांगत?”

“ताईनं एवढं दिलं गं. तिच्यासमोर दमलो म्हणायची लाज वाटते.”

आम्ही कितीतरी वेळ तिथंच बसलो. खोटं कशाला बोलू, ऑपरेशन पार पडलं तेव्हासुद्धा मला इतकं सुख झालं नव्हतं.

हे तुमच्या कानावर घालायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना असंच दामटत राहाल. पण घातलं, तर उद्यापासून तुम्हीही त्यांना बाकावर बसवाल. म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहू दे.

नीट बऱ्या व्हा. घाई मात्र करू नका.

तुमची भावजय