फणसाचा पूल

३ नोव्हेंबर
पाऊस एकदाचा संपला. परसातल्या छोट्या रेल्वेवरचं प्लास्टिक काढलं. पाण्याच्या पाटावरचा तिचा पूल बसलाय. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांचा होता. ह्यांनी अंगठा दाबला तर आतच गेला. खालून वाळवी. रूळ शाबूत आहेत, इंजिन घरात होतं म्हणून वाचलं. जन्मभर रेल्वेच्या लाइनवर नोकरी, निवृत्त झाल्यावर घरामागे ही हौस. बराच वेळ तिथेच उकिडवे बसून होते.

९ नोव्हें.
ह्यांचा रिपोर्ट आला. कॅन्सर यकृतात पसरलाय. डॉक्टर मंजूशी इंग्रजीत बोलले, बापाला कळू नये म्हणून. ती बाहेर येऊन रडली. रिक्षात हे मला हळूच म्हणाले, "कळलं मला. पुलाला लाकूड बघायला जाऊ."

१४ नोव्हें.
वखारीत गेलो. साग होता पण कोवळा, पांढरा भागच जास्त. वाळवी तोच आधी खाते म्हणे. ऐनाचं लाकूड दणकट, पण बारीक चिरलं की उन्हात तडकेल असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मिळेल ते घ्या, आठवड्यात गाडी तरी चालेल. ऐकलं नाही. रिकाम्या हाताने परत. मांडवीतल्या आमच्या घराला पायऱ्या त्या किती थोड्या, तरी मध्येच बसले.

१५ नोव्हें.
सकाळी पुन्हा तोच वाद. मी विचारून बसले, एवढं टिकाऊ हवंय कोणासाठी? विचारायला नको होतं. रागावले नाहीत. म्हणाले, "दर पावसानंतर डागडुजीला मी नसणार. तुझ्यामागे ती कटकट नको."
उठून चहा टाकला. साखर घातली की नाही, आठवत नाही.

२३ नोव्हें.
मुरुडहून माझ्या भावाने टेम्पोतून फणसाचा ओंडका पाठवला. वादळात पडलेला, कितीतरी वर्षं गोठ्याच्या पडवीत होता. लहानपणी आम्ही भावंडं ह्याच फणसावर चढायचो. दत्ताराम सुतारांनी चिरला तर आत हळदीसारखा पिवळा. हे खुर्चीतून हाताने दाखवत होते, बाहेरचा फिका भाग काढा, गाभाच ठेवा. दुपारी दोन घास जास्त जेवले.
दत्ताराम म्हणाले, चिरल्यावर सावलीत वाळू द्यायला हवं, नाहीतर वाकेल. हे लगेच म्हणाले, वाळू दे. मनात आलं, दिवसच कुठे आहेत...

२ डिसें.
दुखणं वाढलंय. कॉट पडवीत घेतली, फळ्या दिसाव्यात म्हणून. रोज उलटायला लावतात. एक हातात दिली, वास घेतला, पण पेलवेना. मीच खालून धरली.
"खांब मातीत रोवू नकोस. खाली जांभ्या दगडाचा चिरा ठेव." दत्ताराम समोर उभे होते, तरी सांगितलं मला.

११ डिसें.
हे गेले. सकाळी. मंजू होती जवळ. बरं झालं.

२८ डिसें.
तेरावं होऊन गेलं. पाहुणे गेले. मंजू म्हणते, पुण्याला चल, घर बंद ठेवू. तिचंही खरं आहे, मला एकटीला टाकून तिचं कामात लक्ष लागायचं नाही. तेवढ्यात दत्ताराम आले. फळ्यांवरून हात फिरवला. "वैनी, सुकलंय लाकूड. कधी येऊ?" मंजू माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं, कळवते.
ते गेल्यावर मंजूने विचारलं, गाडी बघणार कोण आता? मी फळ्या उलटायला गेले.

४ जाने.
दुपारी मंजू जरा आडवी झाली होती. जांभ्याचा एक चिरा ओढत पाटापाशी नेला, बसवला. वर फणसाचा एक खांब उभा केला. ओळंबा कुठे ठेवलाय ते ठाऊक नाही, डोळ्यानेच बघितलं. वाकडा असणार. हात सोडला की कलतो, म्हणून धरून बसले.
मंजू कधी आली कळलं नाही. म्हणाली, "आई, तुझं तिकीट काढू ना?"
म्हटलं, "जरा हा धर."
तिने धरला. तिकिटाचं मग तिने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. ऊन कलेपर्यंत दोघी तशाच खांब धरून बसलो.