हेदवाडीवरच्या खुर्चीबाबत

मी, नवनाथ धाकलू ठोंबरे, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी साउंड सिस्टीम भाड्याने देण्याचा, आता काही नाही, राहणार हेदवाडीच्या वरचे टेपाड, ठाकुरवाडीच्या घाटाचा पायथा, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. कान शाबूत नाहीत. बहिऱ्या माणसाला भास होतात आणि हे सगळे त्याने भ्रमात लिहिले, असे उद्या कोणी म्हणेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझ्या मुलीचे आहे, पण ते हे लिहू नये म्हणून आहे. यापूर्वी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. कधी गरज वाटली नव्हती.

१. राहते घर व त्याखालची जमीन. ही मी स्वतः घेतलेली आहे. ती माझी एकुलती मुलगी रोहिणी हिला मिळावी. मात्र तिने तिथे राहू नये, कोणाला राहायला देऊ नये आणि मुंबईच्या कोणा हौशी माणसाला फार्महाउससाठी विकू नये. घर उघड्या कातळावर उभे आहे. पाया खणावा लागला नाही म्हणून त्या वेळी मला मोठी हुशारी केल्यासारखे वाटले होते. रोहिणीची आई इंदूबाई तेव्हाच म्हणाली होती की इथे जमीन पायाला लागत नाही, परक्याच्या पाठीवर उभे राहिल्यासारखे वाटते. तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली.

२. पोशीरचे भाताचे खाचर. तेही रोहिणीलाच. ते सपाटीवर आहे. तिला गावाकडे घर बांधायची इच्छा झालीच तर तिथे बांधावे.

३. खुर्ची. ही कोणाला द्यायची हे शेवटी लिहीन. आधी ती काय आहे ते लिहिले पाहिजे, नाहीतर पुढची कलमे कळणार नाहीत.

कर्जतपासून पोशीरपर्यंत हळदी, गणपती, नवरात्र, सगळीकडे माझे स्पीकर वाजले. आधी बारीक आवाज गेले, मग बायकामुलांचे बोलणे गेले, मग सगळेच गेले. रोहिणी पुण्यात कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. फोनवर बोलणे बंद झाले तेव्हा तिने डोळ्यांवर बांधायचा तो चष्मा आणला. तो बांधला की बर्फाचा घाट दिसतो. ती पुण्यातून एक ट्रक चालवते, मी इथून दुसरा. पुढे ती, मागे मी. मजा होती, पण आवाज नसल्यामुळे मला काचेच्या बरणीत बसल्यासारखे व्हायचे. इंजिन चालू आहे की बंद, मागून कोणी आले की नाही, काही समजायचे नाही.

तेव्हा आम्ही दोघांनी मिळून खुर्ची केली. भंगारातल्या टेंपोची सीट घेतली. तिच्याखाली दोन शेकर बसवले. शेकर म्हणजे पडदा नसलेला स्पीकर, तो वाजत नाही, नुसता हलतो. खेळातला दगड चाकाखाली आला की मांडीला कळे. रोहिणीने हॉर्न दिला की माझ्या पाठीत दोन थापा पडत. ती लहानपणी मागून येऊन मारायची तशाच. ज्या दिवशी त्या पहिल्यांदा पडल्या त्या दिवशी मी चष्मा काढून मागे वळून पाहिले होते. हे तिला आजवर ठाऊक नव्हते. आता झाले.

खुर्ची जास्त खडखडू नये म्हणून रोहिणीने तिच्या पायाला एक चकती चिकटवली. खुर्ची किती हलते ते चकतीला कळते आणि त्यावरून ॲम्प्लिफायर जोर कमीजास्त करतो. खुर्चीचे पाय मी फरशीतून बोल्ट मारून थेट कातळात आवळले होते. त्याचा परिणाम असा झाला की खेळ बंद असला तरी कातळात जे हलेल ते चकतीत, तिथून शेकरमध्ये आणि तिथून माझ्या पाठीत येऊ लागले. आधी आली गाडी. घाट चढणारी मालगाडी आणि तिला मागून ढकलणारी इंजिने मला नीट ओळखू येऊ लागली. कान गेल्यावर पुन्हा गाडी भेटली याचा आनंद झाला. म्हणून मी चकती काढू दिली नाही.

मागच्या पावसाळ्यात दुसरे काहीतरी आले. गाडी येते, वाढते, निघून जाते. हे येत नाही, जात नाही, असते. झोपेत कोणी दात खावे तसे, मणक्याच्या अगदी खाली. मोठा पाऊस पडून गेला की सुरू व्हायचे आणि ऊन पडले की थांबायचे. मी आधी वायरिंग पाहिले. मग ॲम्प्लिफायर बदलला. मग रोहिणीला बोलावले. ती खुर्चीत बसली आणि थोड्या वेळाने तिने पाय वर घेतले, पाण्यात साप दिसल्यावर घ्यावेत तसे.

तिने आपल्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना आणले. भला माणूस. त्यांनी स्वतःची यंत्रे लावली आणि कागदावर लिहून मला दाखवले की उतार सरकतो आहे. कधी सुटेल सांगता येत नाही, या वर्षी किंवा आपल्या नातवंडांच्या वेळी. त्यांनी तहसील कचेरीत कळवले. शेजारच्या तालुक्यातली एक वाडी दरडीखाली गाडली गेली ते तेव्हा ताजे होते, त्यामुळे कचेरीने लगेच माणसे पाठवली आणि हेदवाडीतली सगळी ठाकर कुटुंबे खाली शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. पाऊस संपला. डोंगर जागेवरच राहिला. शेडमध्ये ओल होती, आणि तिथे सुंदरा दरवडा हिची सासू खोकून खोकून गेली. वाडी परत वर आली. सुंदराने माझ्यासमोर येऊन, मला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हटले, "तुज्या खुर्चीनं माजी सासू खाल्ली."



४. माझा भाऊ किशोर. त्याच्याबद्दल लिहिताना मी रागात आहे, पण शुद्धीत आहे. डोंगराच्या पायाची वडिलोपार्जित पट्टी त्याच्या वाट्याची. ती त्याने बंगल्यांच्या स्कीमला दिली, आणि रस्त्यासाठी जेसीबीने डोंगराचा पाय भाकरीच्या कडेसारखा तोडला गेला. दात खाणे त्यानंतरच्या पावसात सुरू झाले. त्यामुळेच झाले असे सर म्हणत नाहीत, म्हणून मीही शपथेवर म्हणत नाही. मी किशोरला बोलावून खुर्चीत बसवले. तो बसला, उठला, तळहात पँटला पुसले आणि म्हणाला, "गाडी हाय ती, दादा." वाडीतल्या लोकांनाही त्याने तेच सांगितले. त्याच आठवड्यात त्याने बायको वनिताला आणि पोरांना नेरळला भाड्याच्या खोलीत नेऊन ठेवले. गाडी होती तर नेरळ कशाला? हे मी त्याला विचारले नाही. इथे विचारतो. त्याला मी काही देत नाही. मात्र तो माझ्या मयताला आला तर कोणी अडवू नये.

५. साउंड सिस्टीम, जनरेटरसह. हे सगळे रूपेश भगत याला, जो माझ्याबरोबर धंद्यात शेवटपर्यंत होता. त्याने ते पावसाळा संपल्याशिवाय हलवू नये. कारण असे.

यंदा कचेरीची नोटीस आली तेव्हा वाडीने नाही म्हटले. मी खाली जाऊन हात जोडले. धोंडी शिंगवा हा वाडीतला जाणता माणूस, त्याने समजुतीने सांगितले की दर सरीला उठून शेडमध्ये जाणे त्यांना जमणार नाही, गुरे आहेत, म्हातारी आहेत. मी चकतीला भोंगा जोडून पाहिला होता. तो गाडीलाही वाजे आणि वीज कडाडली तरी वाजे, शेवटी कोणीतरी त्याची वायर तोडली आणि बरेच केले. दात खाणे कुठले आणि गाडी कुठली, हे भोंग्याला कळत नाही, बसलेल्या माणसाला कळते. तेव्हा सुंदराच बोलली. तिच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता. "मंग तूच बस. आनि खरंच आला तर सांग. पर येकदाच सांग."

म्हणून असे ठरले आहे. दोन मोठे स्पीकर मी ओट्यावर वाडीकडे तोंड करून लावले आहेत. दात खाणे वाढून धक्के सुरू झाले तर मी पूर्ण आवाजात हळदीची गाणी लावीन. पावसाळ्यात आमच्याकडे हळदी नसतात. लग्न नसताना हळद वाजली की वाडीने भांडी, पैसे, कोंबड्या काही न घेता नाला ओलांडून पलीकडच्या माळावर जायचे आहे. पोरांना मी हे खेळासारखे शिकवले. ती हसत हसत पळाली. मोठे कोणी हसले नाही.

रोहिणीने सगळा हिशेब मनात केला असणार. तिने विचारले की गाणी लावल्यावर मी कुठून पळणार. माझे घर डोंगर आणि वाडी यांच्या मधे आहे, आणि माझ्या दारातून नाल्याकडे जायची वाट घराला वळसा घालून वरून, डोंगराच्या बाजूनेच जाते. मी म्हणालो की गाणी लावीन आणि निघेन. तिने नेहमीसारखे मोबाईलवर टाइप केले नाही, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून ओठ हलवले, "बाबा, खुर्ची मी तुमच्या करमणुकीसाठी केली होती."

मी मरायला बसलेलो नाही हे इथे स्पष्ट नमूद करतो. माझे गुडघे मात्र मला ठाऊक आहेत.

६. बँकेत जे असेल ते रोहिणीचे. तिनेच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. त्यातून सुंदराच्या सासूच्या नावाने वाडीत काही करता आले तर करावे, पण वाडीला विचारून. सुंदराला स्वतःला मी काही देऊ शकत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही दिले की लोक मृत्युपत्रावर संशय घेतात. तिने घेतलेही नसते.

७. माझे शरीर. डोंगर सुटला आणि मी सापडलो नाही तर मला शोधायला कोणीही वर येऊ नये. पाऊस पूर्ण थांबून कातळ वाळेपर्यंत फावडे लावू नये. दुसऱ्यांदा सुटतो तो शोधणाऱ्यांवर सुटतो, असे सरांनी सांगितले आहे. रोहिणीने हट्ट केला तर धोंडीने तिला धरून ठेवावे. हे तिला कठोर वाटेल. मला वाटत नाही.

इथपर्यंत मी सकाळीच लिहून ठेवले होते. साक्षीदार आल्यावर जे घडले ते आता खाली लिहितो, कारण सुंदराची तशी अट आहे.

धोंडी आणि सुंदरा आले. आभाळ कोरडे, अजून एकही सर नाही, अंगणात ऊन. धोंडीने सगळे वाचून तिला सांगितले आणि सही केली. सुंदराने अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. ज्याच्यासाठी अंगठा देते ते आधी बघू दे, म्हणाली. ती या खुर्चीत कधी बसली नव्हती. मी ॲम्प्लिफायर लावला, आणि ती टोकावर बसली, एसटीत अनोळखी माणसाशेजारी बसावे तशी. मी तिला म्हणालो की आज काही कळणार नाही, पाऊस पडल्याशिवाय ते येत नाही.

ती उठली नाही. तिने वहाणा काढल्या आणि दोन्ही पावले फरशीला टेकवली. मग माझ्याकडे पाहिले.

"गाडी हाय का?"

मी दारातून घाटाकडे पाहिले. रुळावर काही नव्हते. मी खाली बसून तळहात सीटवर ठेवला. दात खाणे होते. गेल्या वर्षी इतके जोराचे कधीच नव्हते. मधे मधे थांबत होते, आणि थांबले की एक बारीक धक्का येत होता.

"गाडी नाय," मी म्हणालो.

सुंदराने अंगठा शाईत बुडवून कागदावर लावला, घाई न करता, नीट दाबून. मग म्हणाली, "लिव त्यात. पानी नसताना बी होतंय." आणि तोंड माझ्याकडेच ठेवून धोंडीला म्हणाली की गाण्याची वाट बघायची नाही, लोकांना ती स्वतः सांगते, आज आणि आत्ता. ज्या बाईने माझ्या खुर्चीला शिव्या दिल्या तिने सांगितले तर वाडी उठेल. धोंडी तिच्याआधीच पायऱ्या उतरला होता.

मी रोहिणीला मेसेज केला आहे. तिचा फोन येतो आहे, पडदा उजळतो आणि विझतो. मी उचलून उपयोग नाही.

तिसरे कलम पुरे करतो. खुर्ची कोणालाही देत नाही. ती इथेच राहू द्यावी.

खुर्चीतून, उघड्या दारातून मला वाडी दिसते. माणसे बाहेर येत आहेत, गुरे सोडत आहेत. एक म्हातारा उंबऱ्यावर बसून राहिला आहे आणि सुंदरा त्याच्याशी बोलते आहे. ती त्याला उठवील. जनरेटर चालू करून ठेवला आहे. शेवटचे माणूस नाल्यापलीकडे गेलेले मला दिसले की मी उठेन. तोपर्यंत खुर्चीत बसतो, धक्के वाढले तर गाणी लावायला.

लिहून देणार: नवनाथ धाकलू ठोंबरे (सही)

आमच्यासमक्ष वाचून, समजून सही झाली:
साक्षीदार पहिला: धोंडी कमळ्या शिंगवा (सही), राहणार हेदवाडी
साक्षीदार दुसरी: सुंदरा नागू दरवडा (डाव्या हाताचा अंगठा), राहणार हेदवाडी, आजपर्यंत

स्थळ: हेदवाडीच्या वरचे टेपाड, तालुका कर्जत
दिनांक: ३ जून २०२४