मागच्या लॉटचा नमुना

१० नोव्हेंबर १९९७

नवं गाव, नवी नोकरी, म्हणून नवी वही. उज्ज्वला म्हणाली होती की तुमची रोजनिशी आठ दिवसांच्या वर टिकायची नाही. बघू.

सकाळी सुरतेला एसटीतून उतरलो तर धुडकूदादा स्टँडवर हजर. आमच्या पारोळ्याकडचा, शेजारच्याच गावचा माणूस. पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या मिलमध्ये बारा वर्षं बॉयलरवर आहे. माझी नोकरी त्यानंच लावली आणि नवागाममधल्या आपल्या खोलीत मला जागाही दिली. पेटी मला उचलूच दिली नाही. मागच्या आठवड्यात त्याला सडकून ताप होता म्हणे, घसा धरलेला, अंगावर पुरळ. आता चार भाकरी खातो. ‘ताप गया एकदाना,’ म्हणाला आणि पाचवी भाकरी ओढून घेतली. मजा येणार इथे.

१३ नोव्हेंबर

कामाची रीत कळली. व्यापारी कपड्याचा लहानसा तुकडा पाठवतो, तो नमुना. त्याच्याशी जुळेल असा तळहाताएवढा तुकडा आम्ही रंगवायचा, दारात उजेडाला धरायचा. आमचे कलर मास्तर भाईदासकाका यांनी मान डोलावली की त्या एका तुकड्यावर दोन हजार मीटरचा लॉट पास. काका म्हणतात माझी नजर चांगली आहे. शेवाळी हिरवा कुठे संपतो आणि मेंदी कुठे सुरू होते ते मला लांबून कळतं. फुशारकी आहे, पण वही माझीच आहे.

उज्ज्वलाला पत्र टाकलं. स्वतंत्र खोली बघतो, फेब्रुवारीत ये. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही, आईच्या बोलण्याला आता धार आली आहे. इथे आली की तेवढी तरी तिची सुटका.

२२ नोव्हेंबर

दवाखान्यातल्या खाटेवर लिहितोय. बुधवारी ओल्या फरशीवरून कापडाची लोखंडी गाडी घसरली आणि तिचा कोपरा माझ्या मांडीत शिरला. रक्त फार गेलं. रक्ताची बाटली मिळेना. शेवटी धुडकूदादाचा गट जुळला. त्याचं रक्त रीतसर तपासलं, ठीक असल्याचा शिक्का बसला आणि मग मला चढवलं. आज तो उशाशी बसून संत्रं सोलत होता. ‘आते तू मना रगतना भाऊ शे,’ म्हणाला. मी रडलो. अशक्तपणामुळे असेल, पण रडलो.

१० डिसेंबर

कामावर परतून चार दिवस झाले नाहीत तोच ताप. घसा असा की थुंकी गिळवत नाही. तोंडात फोड, छातीवर पुरळ, मानेत आणि काखेत गाठी. जखम मात्र छान भरली आहे. धुडकूदादा म्हणतो त्यालाही दिवाळीनंतर हुबेहूब असंच झालं होतं, आठ दिवसांत जातं. मिलजवळच्या डॉक्टरनं सुई दिली, काही फरक नाही. कंटाळलो.

१७ डिसेंबर

दादानं धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई गुजराती, शांत, प्रश्न फार विचारतात. महिन्याभरात रक्त चढवलं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग माझंच रक्त काढलं. एड्सचा विषाणू, एचआयव्ही, त्याच्यासाठी म्हणाल्या. आज कागद मिळाला. काही सापडलं नाही. माझे पाय हलके झाले.

बाईंनी मात्र बजावलं की हा कागद आजच्यापुरता. विषाणू शिरला तरी तपासणीत दिसायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी पुन्हा या, तोवर बायकोपासून दूर राहा, नाहीतर हे वापरा. निरोधचं पाकीट दिलं. पाच वर्षं मुलासाठी उपासतापास करणाऱ्या बायकोसमोर हे कुठल्या तोंडानं काढू, हे त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. पाकीट पेटीच्या तळाशी टाकलं.

२२ डिसेंबर

घाम फुटला आणि अंग मोकळं झालं. ताप गेला एकदाचा. पुरळ मावळली. दादानं वांग्याचं भरीत केलं, दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

११ जानेवारी १९९८

थकवा जात नाही. जिना चढताना मध्ये थांबतो. बाकी ठणठणीत.

आज मिलमध्ये गोंधळ. आमची पानांच्या नक्षीची साडी बाजारात जाऊन आठ दिवस झाले नाहीत तोच दुसऱ्या मिलनं तिची नक्कल उतरवली. भाईदासकाका आमचा नमुना घेऊन भांडायला गेले आणि पडेल चेहऱ्यानं परत आले. त्या मिलनं नक्षीतलं एक पान सरकवलं होतं, एक छटा दाबली होती. नमुन्याशी लावून बघितलं तर माल त्यांचा, आमचा नव्हेच. काका म्हणाले, आता याचा नवा नमुना काढून ठेवेपर्यंत ते आणखी एक पान सरकवतील. सुरतेत हे असंच चालतं.

८ फेब्रुवारी

उज्ज्वला आली. लोणच्याची बरणी आणि बाजरीचं पीठ घेऊन, स्टँडवर उतरल्या उतरल्या माझ्या मांडीची चौकशी करत. मागच्या गल्लीत वेगळी खोली घेतली आहे. मी भिंतीकडे तोंड करून झोपतो. जखम दुखते असं सांगितलं आहे. ती मान हलवते. मला स्वतःचाच कंटाळा आला आहे.

२१ फेब्रुवारी

तिनं काल विचारलं की माझ्यात काही कमी आहे म्हणून का. मग मी कागद काढून पुन्हा वाचला. शिक्का आहे, सही आहे. ताप नाही, गाठी बसल्या. एका तुकड्यावर दोन हजार मीटर पास करणारा माणूस मी, एवढ्या कागदावर मला स्वतःला पास करता येईना, याचाच राग आला. तीन महिने ही डॉक्टरबाईंची जास्तीची काळजी, असं मनाशी म्हटलं. पाकीट पेटीतच राहिलं. आज ती सकाळपासून गुणगुणते आहे.

१० मार्च

उज्ज्वलाला ताप.

हवा बदलली, पाणी बदललं, असं शेजारची म्हणते. घसा धरला आहे.

११ मार्च

तिच्या छातीवर पुरळ. रंग मी ओळखतो. फिकट गुलाबी, किंचित विटकरीकडे झुकणारा. माझी नजर चांगली आहे.

कामाला न जाता दवाखान्यात गेलो. रक्त दिलं. तीन महिने भरायला आठवडाही उरला नव्हता.

१४ मार्च

धुळवडीची सुट्टी काल संपली. कागद मिळाला. विषाणू सापडला.

बाईंना विचारलं, मग डिसेंबरातला कागद खोटा होता का. नाही म्हणाल्या. कागदाला दिसतं ते विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेलं औषध, आणि त्या दिवशी ते पुरेसं तयार झालंच नव्हतं. दादाच्या रक्ताचंही तसंच झालं असणार. शिक्का खरा होता, रक्तही खरं होतं. दादालाही तपासायला बोलावलं आहे.

मग मी बरा कसा झालो? बाई म्हणाल्या, ताप ही तुमच्या शरीराची लढाई. शरीरानं विषाणूचा चेहरा ओळखला, पुष्कळसा मारला. पण तो स्वतःच्या नकला काढतो, रोज शेकडो कोटी, आणि काढताना चुका करतो. बऱ्याच नकला चुकीमुळे वाया जातात. एखादीचा चेहरा मात्र इतका बदलतो की शरीराला ती ओळखू येत नाही. ती उरते, तिचीच पुढची नक्कल होते. शरीर तिला ओळखेपर्यंत आणखी तिसरीच पुढे आलेली असते. काही तर पेशींत झोपून राहतात, हलतच नाहीत. आणि ज्या पेशी बाकीच्यांना हुकूम देतात, नेमक्या त्यांनाच तो खातो.

म्हणजे काकांच्या हातात जुना नमुना. पान सरकलेलं. आणि कलर मास्तरच मारलेला.

मी म्हटलं, उज्ज्वलाला ताप आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं.

१५ मार्च

दादाला सांगितलं. तो बॉयलरच्या दारात बसून राहिला. कुठून आलं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढंच म्हणाला, मी तर तुले जगाडाकरता दिनं. मला त्याचा राग येत नाही. राग यायला ताकद लागते.

रंगाची शेड चुकली आज. जांभळ्याचा लॉट परत आला. काकांनी तुकडा माझ्या हातून काढून घेतला —

आत काहीतरी चाललेलं असतं. जेवताना, पाणी पिताना. माझ्याच अंगात माझा नमुना घेऊन बसलंय, शांतपणे जुळवतंय — मला दुखत नाही. दुखत नाही हेच —

उज्ज्वलाला सांगायचं. कसं सांगायचं. निरोध पेटीत आहे. तळाशी. न फोडलेला —

१६ मार्च

तिचा ताप उतरला.

सकाळी उठून स्टोव्ह पेटवला, दोन भाकऱ्या खाल्ल्या. ‘ताप गया एकदाना,’ म्हणाली.

मागची पानं उलटली. दहा नोव्हेंबर. बावीस डिसेंबर. तेच शब्द — दादाचे, माझे, आता — बरं वाटतं तेव्हाच ते —

आज सांगतो. कागद खिशात आहे. आधी तिला बसवतो, मग —

आपणहून येऊन बसली. गळ्याखालची गाठ चाचपते आहे. विचारते, एवढं काय लिहिता. हसते आहे. किती दिवसांनी अशी — म्हणते, एक सांगायचं होतं, तापामुळे राहून गेलं. आठ दिवस वर गेलेत, बहुतेक या वेळी —