न सांगितलेला बदल

प्रिय दादा,

तू पलीकडच्या खोलीत झोपला आहेस आणि आपल्या दोघांत फक्त एक पडदा आहे. तरी पत्र लिहितेय. गेल्या एकेचाळीस दिवसांत निदान दहा वेळा तुझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिले, आणि दर वेळी पाणी हवं का एवढंच विचारून परत फिरले. काल तू म्हणालास, "किती पाणी पाजतेस गं, मी काय कुंडीतलं झाड आहे?" आई हसली, वहिनी हसली, मीही हसले. आत्ता दुपार आहे. आई शेजारी गेलीय, वहिनी लेकीला आणायला शाळेत. गोळीने तुला गुंगी आलीय. यापेक्षा बरी वेळ मला मिळायची नाही.

परवाचं वहिनीने सांगितलं. दवाखान्यातून येताना तू टॅक्सीत पुढे बसायला नको म्हणालास. मागे बसलास आणि घर येईपर्यंत डोळे मिटून घेतलेस. ज्याने बारा वर्षं टॅक्सी चालवली, जो बसमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या मागची सीट पकडून त्याच्या चुका काढायचा, त्याला रस्ता बघवेना. आणि घरी आल्यावर लेकीला म्हणालास, "बाबाला गाडी येत नाही गं, उगाच मिरवत होता." 

मी या कंपनीत लागले तेव्हा आमची विजेवरची स्पोर्ट्स कार नुसती पळायची. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची, पण एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसायला मागत नसे. मुख्य इंजिनिअर, ज्यांना आपण घरी मोजपट्टी म्हणतो, कागदावरचे आकडे दाखवून खूश असायचे. चाचणीला चालक हवा होता, मी तुझं नाव पुढे केलं. दहावीनंतर शाळा सोडलेला टॅक्सीवाला म्हटल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तू पाच फेऱ्या मारून उतरलास, हेल्मेट काढलंस आणि मोजपट्टींना म्हणालास, "साहेब, लिफ्ट झकास झालीय. कितव्या मजल्यापर्यंत जाते?" मला वाटलं, आता आपण दोघंही घरी. पण ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून ये." त्या दिवशी तुला नोकरी मिळाली आणि मला माझं काम कळलं.

खरं तर ते काम तूच मला आधी शिकवलं होतंस. कॉलेजच्या दिवसांत, धंद्याला निघण्याआधी तू मला सोडायचास. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ब्रेक न दाबता तू एक्सिलरेटरवरचा पाय फक्त जरासा उचलायचास, आणि गाडीचं नाक आपोआप आत यायचं. पोटात गोळा यायचा. मी ओरडायचे, "परत, दादा, परत!" पुढे पुस्तकांत त्या गोळ्यामागचं सगळं गणित शिकले, पण मला गणित नको होतं, गोळा हवा होता. धूर नाही, आवाज नाही, तरी माणसाला आपण जिवंत आहोत असं वाटायला लावणारी गाडी. चालवणाऱ्याला सांभाळणारी, पण त्याला मूर्ख न समजणारी. आपल्या घरातली पहिली पदवी मी त्याच्यासाठी खर्ची घालणार होते. हसू नकोस. तेव्हा तूही हसला नव्हतास.

विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटरच गाडीला मागे ओढते. ती ओढ पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती, हे मी ठरवायचे. मागे थोडी जास्त दिली की गाडी वळणात चपळ होते. फार दिली की मागची चाकं पकड सोडून सरकतात. पहिल्या दिवशी मागच्या चाकांना तीस टक्के होती. दोन वर्षांत आपण पंचेचाळीसवर आलो, आणि ते मुंगीच्या पावलांनी, कारण नियम तुझा होता: एका वेळी पाच टक्क्यांहून जास्त बदल नाही. आणि दुसराही तुझाच: काय बदललं ते तुला सांगायचं नाही. "सांगितलंस की माझं डोकं गाडी चालवायला लागतं. मला बुडाने चालवू दे." किती खरं होतं ते! न सांगता दोन टक्के वाढवले तरी तू उतरून म्हणायचास, "काय पदवीधर, आज गाडीच्या शेपटीला गुदगुल्या केल्यास का?"

कंपनीचा नियम मात्र उलटा. प्रत्येक बदल चालकाला आधी सांगायचा, कागदावर आकडा लिहायचा आणि खाली त्याची सही घ्यायची. म्हणून तू सोमवारीच आठवड्याच्या पाचही कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायचास, आणि आकडे मी फेऱ्या झाल्यावर भरायचे. मोजपट्टींना हे माहीत होतं. गाडी सुधारत होती, तेव्हा कुणाला काही खुपत नव्हतं.

त्या बुधवारी दुपारी बाहेरची मंडळी गाडी बघायला येणार होती. तू मंगळवारी म्हणाला होतास, "अजून थोडी झोपेत आहे ही." ते माझ्या डोक्यातून जाईना. मंडळी यायच्या आत तू गाडीतून हसत उतरावंस, एवढंच मला हवं होतं. मी मागची ओढ पंचेचाळीसवरून पासष्ट केली. पाच नाही, वीस. टायर गरम असतील तर तू सांभाळशील हे मला गणिताने माहीत होतं. पण ट्रॅक लवकर रिकामा करायचा होता म्हणून दोनच्या जागी एकच फेरी टायर तापवायला मिळाली. तू वॉकीटॉकीवर म्हणालास, "रबर अजून गार आहे गं, पण जाऊ ना?" मी बटण दाबलं. सांगायला तोंड उघडलं. सांगितलं तर तू डोक्याने चालवशील आणि आजची फेरी फुकट जाईल, असं मनात आलं. आणि मी म्हणाले, "जा." दादा, एवढा एकच शब्द.

पुढचं तुला धड आठवत नाही, डोक्याला मार होता. मला सगळं आठवतं. डावीकडच्या लांब वळणावर तू पाय उचललास. शेपूट सुटली, गाडी गर्रकन फिरली आणि तुझ्या बाजूने भिंतीवर गेली. सगळ्यात जास्त घाबरवलं ते शांततेने. गाडीला तर मुळात आवाजच नव्हता. मी धावत आले तेव्हा तुझा उजवा पाय पेडलपाशी अडकला होता आणि तू मला विचारत होतास, "गाडी फार मोडली का गं?"

गाडीतली नोंद मी शेकडो वेळा पाहिलीय. तुझा पाय जिथे उचलायला हवा तिथेच उचलला गेला, कापसासारखा हलका. शेपूट सुटल्यावर सेकंदाच्या पाचव्या भागात तुझे हात उलटे फिरले होते. एवढ्या वेळात मला पापणीही मिटता येत नाही. मोजपट्टींनीही ते माझ्याशेजारी बसून पाहिलं. नंतर अहवालात त्यांनी लिहिलं, "चालकाने वळणात पाय उचलला." वाक्य खोटं नाही, बघ. माझ्यापुढे त्यांनी बुधवारचा कोरा कागद ठेवला, खाली तुझी सही, आणि म्हणाले, "आकडा भरायचा राहिलाय. चाळीस जणांची तीन वर्षांची मेहनत आहे. दादा तर बरा होतोय तुझा." आई माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र धुतलेल्या हातांनी उचलून शेजारच्या काकूंना दाखवते, ते मला त्या क्षणी दिसलं. मी पेन घेतलं आणि तुझ्या सहीच्या वर माझ्या अक्षरात ६५ लिहिलं.

तोच कागद त्यांनी दवाखान्यात तुला दाखवला. तू तो बघितलास आणि म्हणालास, "आकडा तिचा आहे, सही माझी आहे. एवढा मोठा बदल ही न सांगता करायची नाही, म्हणजे या वेळी सांगितलंच असणार हिने. माझ्याच ध्यानात राहिलं नाही." मग पायाच्या प्लास्टरवर थाप मारून म्हणालास, "यानेच घात केला." मी उशाशी उभी होते. ग्लास हातात होता. पाणी हवं का, असं विचारलं मी तुला.

आज सकाळी मी अपघाताची चौकशी करणाऱ्या बाईंकडे गेले होते. कंपनीच्या नाहीत त्या, बाहेरच्या आहेत. आत्ता वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, बटण दाबल्याचंही. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "सख्खी बहीण आहेस. भावाचा परवाना जाऊ नये म्हणून असं सांगणारी तू पहिली नाहीस. कागद म्हणतो, त्याला माहीत होतं. आता त्यालाच विचारते." उद्या अकरा वाजता त्या घरी येतील. त्यांचा प्रश्न एकच आहे, बदल सांगितला होता का. तू हो म्हणालास की चौकशी संपली. चूक तुझ्या पायाची ठरेल, तुझा चाचणीचा परवाना कायमचा जाईल, तीच ओढ घेऊन गाडी बाजारात जाईल आणि कुठल्यातरी गार सकाळी कुणाचातरी दादा पाय उचलेल. तुला मी ओळखते. टॅक्सीचा आरसा मी फोडला होता तेव्हा मालकासमोर तू माझ्या आधी पुढे झाला होतास. हे वाचून तुला आधी माझी नोकरी दिसेल, आईचं तोंड दिसेल, आणि उद्या तू मान डोलावून म्हणशील की हो, सांगितलं होतं पोरीने. म्हणून हे पत्र. माफी मागायची आहे, पण ती तू उभा राहशील तेव्हा, तुझ्या तोंडाकडे बघून मागेन. आज फक्त एवढंच मागते. तुझा पाय चुकला नाही, दादा. तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. उद्या मी दारातच उभी असेन. माझ्याकडे बघू नकोस, त्या बाईंकडे बघ, आणि नाही म्हण.

तुझीच, अजून म्हणवून घेता आलं तर,
धाकटी